उतारावरचं घर: वॉकआउट बेसमेंट मजला कधी ठरतो आणि मातीने ते बदलता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत उतारावरचा प्लॉट आहे, रस्ता वरच्या अंगाला. घर ४० फूट रुंद, ३० फूट खोल, रस्त्यावरून तीन मजली दिसणारं, आणि मागे खाली वॉकआउट बेसमेंट, म्हणजे मागच्या दारातून थेट जमिनीवर बाहेर पडता येणारं तळघर. प्लॅन रिव्ह्यूअरने (परवानगीआधी नकाशे तपासणाऱ्याने) शेरा मारला की बेसमेंट मजल्यात धरावं लागेल, म्हणजे घर चार मजली होतं आणि आयआरसी या घरांच्या बिल्डिंग कोडखाली बसत नाही. बिल्डर म्हणतो, 'थोडी माती टाकू, सुटेल.' खरंच सुटेल का?

सुटू शकतं, पण माती कुठे टाकता यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण ती घराच्या पुढे ओततात. पुढे तिचा उपयोग जवळपास शून्य असतो.

आधी व्याख्या. आयआरसी म्हणजे एक-दोन कुटुंबांची घरं आणि टाउनहाउस यांचा कोड. तो 'ग्रेड प्लेनच्या' (घराभोवतीच्या जमिनीच्या सरासरी पातळीच्या) वर जास्तीत जास्त तीन मजल्यांपर्यंतच लागू होतो. बेसमेंट म्हणजे जो मजला ग्रेड प्लेनच्या वरचा ठरत नाही तो, इतकी सरळ उलटी व्याख्या आहे. खोली जमिनीखाली किती बुडाली आहे, खिडक्या किती, आत किचन आहे का, यातलं काहीही विचारलं जात नाही. विचारलं जातं ते बेसमेंटच्या डोक्यावरच्या फ्लोअरबद्दल. त्या फ्लोअरचा तयार पृष्ठभाग ग्रेड प्लेनपासून ६ फुटांपेक्षा जास्त उंच असेल, किंवा घराभोवतीच्या तयार जमिनीपासून कोणत्याही एका जागी १२ फुटांपेक्षा जास्त उंच असेल, तर खालचं बेसमेंट मजला ठरतं. दोन्हीपैकी एक अट लागली तरी पुरे. जुन्या आवृत्त्यांत तिसरीही अट होती: परिघाच्या निम्म्याहून जास्त भागात ६ फुटांपेक्षा जास्त उंची. तुमच्या राज्याने कोणती आवृत्ती आणि कोणत्या दुरुस्त्या स्वीकारल्या आहेत ते शेऱ्याला उत्तर देण्याआधी बघा.

आपल्याकडची मजले मोजायची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. आपण तळमजला सोडून पहिला, दुसरा म्हणतो. तिथे रस्त्याच्या पातळीवरचाच 'फर्स्ट फ्लोअर'.

आता ग्रेड प्लेन. बाहेरच्या भिंतींना लागून असलेल्या तयार जमिनीच्या पातळीची सरासरी, असं तिचं वर्णन आहे. तयार, म्हणजे काम संपल्यावरची, मूळची नव्हे. म्हणूनच ग्रेडिंगला, म्हणजे जमिनीला हवा तो उतार देण्याला, इथे वाव आहे. पण त्याच व्याख्येत पुढे एक वाक्य आहे आणि निम्मे प्लॅन तिथेच अडकतात. जमीन भिंतीपासून बाहेर उतरत जात असेल, तर भिंतीलगतची पातळी धरायची नाही. भिंत आणि प्लॉटची हद्द यांच्यातला, आणि हद्द ६ फुटांपेक्षा लांब असेल तर भिंतीपासून ६ फुटांच्या पट्ट्यातला, सर्वांत खालचा बिंदू धरायचा.

आणि जमीन बाहेर उतरती ठेवणं तर सक्तीचंच आहे. पाणी पायापासून दूर जावं म्हणून आयआरसी पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार मागतं, म्हणजे ५ टक्के. ६ फुटांवर तो ३.६ इंच होतो, फुटांत ०.३. थोडक्यात, ड्रेनेजचा नियम पाळणाऱ्या बहुतेक घरांचं ग्रेड प्लेन भिंतीलगतच्या पातळीपेक्षा साधारण ०.३ फूट खाली असतं. ज्याने भिंतीलगतचे आकडे घेऊन सरासरी काढली, त्याचं गणित सुरुवातीलाच चुकलं.

तुमच्या घराचं गणित मांडून बघू. मुख्य फ्लोअरची तयार पातळी १००.० धरा. बेसमेंटची फरशी १० फूट खाली, ९०.०. मागे दाराच्या उंबऱ्याबाहेर जमीन ८९.५. पुढे जमीन ९८.५. पुढचा आकडा मनाने घेतलेला नाही: वरून खाली मोजलं तर फिनिश फ्लोअर पाऊण इंच, सबफ्लोअर (त्याखालचा फळ्यांचा थर) पाऊण इंच, टू-बाय-टेन जॉइस्ट (फ्लोअर पेलणारी आडवी लाकडं) सव्वानऊ इंच, सिल (पायाच्या भिंतीवर आडवं बसवलेलं लाकूड) दीड इंच, आणि त्याखाली काँक्रीटची भिंत जमिनीच्या वर किमान ६ इंच दिसायला हवी. बेरीज सव्वाअठरा इंच, म्हणजे दीड फूट. विटांचं व्हेनिअर (दर्शनी आवरण) असेल तर ६ च्या जागी ४ इंच चालतात. त्यापेक्षा वर माती चढवली की सिल कुजणार आणि वाळवी थेट लाकडात शिरणार. म्हणजे पुढे माती ओतायला जागाच उरलेली नाही, ती आधीच वरच्या टोकाला आहे.

बाजूच्या भिंतींना जमीन ९८.५ वरून ८९.५ पर्यंत सरळ उतरते, सरासरी ९४.०. आता भिंतींच्या लांबीप्रमाणे वजन देऊन:

पुढची ४० फूट × ९८.५ = ३,९४०
मागची ४० फूट × ८९.५ = ३,५८०
बाजूच्या दोन्ही मिळून ६० फूट × ९४.० = ५,६४०
एकूण १३,१६० ÷ परिघ १४० फूट = ९४.०

मुख्य फ्लोअर १००.०, फरक बरोबर ६.० फूट. नियम '६ फुटांपेक्षा जास्त' म्हणतो, त्यामुळे बेसमेंट बचावलं असं वाटतं. बहुधा तुमच्या ड्रॉइंगवरही हेच आहे. पण चारही बाजूंनी ५ टक्के उतार आहे, म्हणून प्रत्येक पातळीतून ०.३ वजा: ग्रेड प्लेन ९३.७, फरक ६.३ फूट. मजला झाला. रिव्ह्यूअरचा शेरा बरोबर आहे. तो साडेतीन इंचांपायी आहे, पण बरोबर आहे.

मागे प्रत्यक्षात याहून वाईट असू शकतं. समजा दाराबाहेर ४ फुटांचा पॅटिओ २ टक्के उताराने आहे आणि त्याच्या कडेपासून जमीन तीनास एक उताराने खाली जाते. मग ६ फुटांच्या पट्ट्यात पॅटिओचे ०.०८ आणि पुढच्या दोन फुटांचे ०.६७, मिळून पाऊण फूट जातो. मागच्या ४० फूट भिंतीला ०.३ ऐवजी ०.७५ वजा होतात आणि प्लेन आणखी दीड इंच घसरतं. पॅटिओ ६ फूट रुंद केला की हे नुकसान ०.१२ वर येतं. पॅटिओ दोन फूट वाढवणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता माती. पुढची बाजू वर भिडलेली, मागची दाराने अडवलेली. उरतात बाजूच्या भिंती, आणि खेळ तिथेच आहे. पुढच्या कोपऱ्यापासून मागे १० फुटांपर्यंत जमीन ९८.५ वरच धरून ठेवा आणि उरलेल्या २० फुटांत ८९.५ पर्यंत उतरवा. बाजूची सरासरी ९४.० वरून ९५.५ वर जाते. दोन्ही बाजूंना केलं तर प्लेन ९४.६४, त्यातून ०.३ वजा ९४.३४, फरक ५.६६ फूट, म्हणजे सुमारे ५ फूट ८ इंच. बेसमेंट बेसमेंटच राहिलं, चार इंच शिल्लक ठेवून. एकाच बाजूला केलं तर फरक ५.९८ येतो. कागदावर पास, पण पाव इंचाच्या भरवशावर घर बांधू नका.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. चारही कोपरे दोन्ही वेळा तेच आहेत: पुढचे ९८.५, मागचे ८९.५. कोपऱ्यांची सरासरी काढणाऱ्याला दोन्ही ग्रेडिंगमध्ये ९४.० च दिसेल. सरासरी कशी काढायची हे कोड सांगत नाही. साध्या, एकसमान उताराला कोपऱ्यांची सरासरी चालून जाते; जमिनीने मध्ये वळण घेतलं की भिंतीचे तुकडे पाडून लांबीप्रमाणे मोजायला हवं. रिव्ह्यूअरने कोपरे मोजून नाकारलं असेल तर वाद घालू नका, तुकड्यांचा तक्ता द्या: कुठून कुठपर्यंत, लांबी, दोन्ही टोकांच्या पातळ्या, सरासरी, गुणाकार. आकडे समोर ठेवले की सहसा मान्य होतं.

आता ही माती उभी कशी राहणार? भिंतीलगत दोन-तीन फुटांचा बंधारा घालून भागत नाही. ६ फुटांचा नियम नेमका अशा क्लृप्त्यांसाठीच आहे: पट्टा संपायच्या आत जमीन खाली गेली की तो खालचाच बिंदू धरला जातो. लाकडी खोके, कुंड्या, प्लँटर हे कुणी जमीन मानत नाही. म्हणजे बाजूला पूर्ण ६ फूट रुंदीची भरणी हवी. पुढच्या कोपऱ्यापासून १० फूट मागे मूळ जमीन ९५.५ वर आहे आणि तुमची भरणी ९८.५ वर, ३ फुटांचा फरक कुठेतरी तोडावाच लागतो. बाजूचा सेटबॅक (घर आणि हद्द यांच्यातली मोकळी जागा) साडेसात फूट असेल तर शेवटच्या दीड फुटात हद्दीला समांतर रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, येते. सेटबॅक ५ फूटच असेल तर मोजमाप हद्दीपर्यंतच, पण मग भिंत हद्दीवरच बसते आणि तिचं फूटिंग (पायाचा रुंद तळ) शेजाऱ्याकडे जाऊ देता येत नाही.

रिटेनिंग वॉल फूटिंगच्या तळापासून माथ्यापर्यंत ४ फुटांपेक्षा जास्त नसेल आणि तिच्यावर वरून आणखी भार नसेल, तर आयआरसीप्रमाणे वेगळं परमिट लागत नाही. ३ फूट दिसणारी भिंत आणि एक फूट गाडलेला पाया, इथे जेमतेम बसतं. त्यापुढे इंजिनिअरचा शिक्का. मागच्या २० फुटांत ९ फुटांचा उतार म्हणजे साधारण दोनास एक; मातीचा भराव तेवढ्यावर तगतो, पण गवत कापायचं यंत्र त्यावर चालत नाही. तिथे पायऱ्यांच्या दोन टप्प्यांत भिंत घातली तर वापरही होतो.

पाणी विसरू नका. बाजूची जमीन उचलली की शेजाऱ्याकडे वाहणारं पाणी वाढतं, आणि कोड काही म्हणो, तक्रार तिथूनच येते. भरणी आणि रिटेनिंग वॉल यांच्यामध्ये स्वेल, म्हणजे उथळ चर, काढून पाणी मागे न्या. हद्दीमुळे १० फुटांत ६ इंच उतार बसत नसेल तर कोडच स्वेल किंवा ड्रेनची मुभा देतं. मात्र स्वेल ६ फुटांच्या आत आला तर त्याचा तळ मोजमापात धरला जाऊ शकतो. स्वेल आणि ग्रेड प्लेन यांची ही भांडणं ड्रॉइंगवर सोडवा, खोदाई झाल्यावर नको.

माती वाढवली की पायाच्या भिंतीवरचा दाबही वाढतो. पुढे ९८.५ वर माती आणि आत ९०.० वर फरशी, म्हणजे साडेआठ फूट असंतुलित भरणी, भिंतीच्या एकाच बाजूने ढकलणारी. बाजूच्या भिंतींचे पुढचे १० फूटही आता त्याच वर्गात आले. आयआरसीच्या तक्त्यातून जाडी आणि सळई पुन्हा काढा. मातीचा प्रकार बदलला की तक्त्यातली ओळ बदलते, आणि चिकणमातीत ती बरीच महाग पडते. भिंत वरच्या फ्लोअरला बांधलेली नसताना किंवा टेकू नसताना मागे माती लोटू नका. ४ फुटांपेक्षा कमी भरणीला सूट आहे, त्यावर नाही. वॉकआउट घरात अजून एक गोष्ट: पुढून माती ढकलते आणि मागून तिला उत्तर देणारं काही नसतं, कारण मागची भिंत लाकडी आणि दारं-खिडक्यांनी पोखरलेली असते. तो ढकला बाजूच्या भिंती आणि फ्लोअर यांनीच पेलायचा असतो. त्याचा हिशेब इंजिनिअरकडून घ्या.

आणि मोजणीत मजला नसला म्हणून लाकडालाही तसं वागवू नका. पायावरच्या आखूड लाकडी भिंती, म्हणजे क्रिपल वॉल, ४ फुटांपेक्षा उंच झाल्या की त्यांचे स्टड (भिंतीतली उभी लाकडं) एक मजला जास्त धरून निवडायचे, असं कोडच सांगतं. वॉकआउटची मागची भिंत तशीच आहे. वर दोन फ्लोअर आणि छत पेलायला टू-बाय-फोर चालतच नाही. तिथे दर १६ इंचांवर एक टू-बाय-सिक्स लागतो. तुमच्या घरी वर तीन फ्लोअर येतात, म्हणजे तक्त्याच्याही बाहेर. ती भिंत डिझाइन करूनच घ्या.

मातीला पर्याय म्हणून घराची पातळी खाली घेता येते. बेसमेंटची उंची एक फूट कमी केली, म्हणजे मुख्य फ्लोअर ९९.०, तर पुढची जमीनही ९७.५ वर आणावी लागते आणि सरासरी अर्धा फूट उतरते. निव्वळ फायदा अर्धाच: फरक ६.३ वरून ५.८. पास होतं, पण ९ फुटांचं सीलिंग ८ वर येतं आणि ड्राइव्हवेचा उतार वाढतो. दुसरा मार्ग मागच्या बाजूचा. दार फक्त एका अर्ध्या भागात असेल, तर उरलेल्या २० फुटांत जमीन खिडकीखालपर्यंत ३ फूट उचला, अर्थात ६ फूट रुंदीने आणि त्या भागात काँक्रीटची भिंत घेऊन. ६० ÷ १४० म्हणजे प्लेन ०.४३ फूट वर. छोटा प्लॉट असेल तर बाजूच्या रिटेनिंग वॉलपेक्षा हे परवडतं.

१२ फुटांची अट वेगळीच चाल खेळते, कारण तिथे सरासरी नाही. एक बिंदू पुरतो. तुमच्याकडे मागे साडेदहा फूट आहेत, म्हणून निभावतं. पण कुणी बेसमेंटला १० फुटांचं सीलिंग आणि १८ इंचांचे फ्लोअर ट्रस घेतले की फरशीपासूनच साडेअकरा फूट झाले. उंबऱ्याचे सहा इंच धरले की बारा. मग डेकखाली पाण्याने पडलेली खळगी किंवा खाली उतरणारी पायरी एवढ्यावरून घर चार मजली होतं. कोपऱ्यात गाडीसाठी खाली खणलेलं गॅरेज असेल तर आधी तोच बिंदू तपासा. तळघराच्या खिडकीबाहेर काढलेले छोटे खड्डे बहुतेक अधिकारी धरत नाहीत. लांबलचक खणलेला चौक मात्र धरतात. अशा जागी अधिकाऱ्याचं मत लेखी घ्या.

ड्रॉइंगमध्ये सारख्या होणाऱ्या चुका: सर्व्हेअरची पातळी समुद्रसपाटीवरची आणि आर्किटेक्टची १००.० वाली, दोघांना जोडणारी ओळ कुठेच नाही. फिनिश फ्लोअरऐवजी सबफ्लोअर धरलेला. मूळ जमिनीचे कंटूर (समान उंचीच्या रेघा) बाजूच्या एलिव्हेशनवर (बाजूने दिसणाऱ्या घराच्या चित्रावर) उतरवलेले आणि तयार जमीन फक्त पुढच्या एलिव्हेशनवर. आणि बांधकामानंतरची चूक: पायालगतची भरणी सैल टाकलेली. दोन पावसाळ्यांत ती काही इंच बसते, आणि तुमची शिल्लक चारच इंचांची आहे. ८ ते १२ इंचांच्या थरांनी दाबून भरा आणि शेवटच्या तपासणीआधी सर्व्हेअरकडून प्रत्यक्ष पातळ्या घेऊन ठेवा.

हे सगळं बिल्डिंग कोडपुरतं. झोनिंगची (गावाच्या जमीन-वापराच्या नियमांची) व्याख्या वेगळी असते आणि कित्येक गावांत ती मूळ जमिनीपासूनच मोजते. तिथे मातीचा काही उपयोग नाही. पूरविम्याच्या हिशेबात बेसमेंट म्हणजे चारही बाजूंनी जमिनीखाली फरशी असलेली जागा, म्हणून वॉकआउट तिथे बेसमेंटच नाही. घराचं मूल्यांकन करणारे एएनएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या मापपद्धतीने चालतात, गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मेने ती २०२२ च्या एप्रिलपासून लागू केली: ज्या पातळीचा थोडासा भागही जमिनीखाली आहे ती अख्खी पातळी जमिनीखालची. एकच खोली, तीन कार्यालयांत तीन नावं.

कॅनडात राहणाऱ्यांनी वरचं गणित उचलू नये. तिथल्या राष्ट्रीय कोडमध्ये प्रत्येक भिंतीची सरासरी वेगळी काढून त्यातली सर्वांत खालची 'ग्रेड' धरतात, आणि ज्याची फरशी ग्रेडपासून २ मीटरपेक्षा जास्त उंच नाही असा सर्वांत वरचा मजला तो पहिला. तुमचं घर तिथे असतं तर मागची भिंत एकटीच निर्णय देती: ८९.५, मुख्य फ्लोअर साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर वर, वॉकआउट पहिला मजला, घर चार मजली. बाजूला कितीही माती टाका. प्रांतांच्या व्याख्या यापासून वेगळ्या असू शकतात, तेव्हा आपल्या प्रांताचा कोड उघडूनच बघा.

भारतात प्लॉट असणाऱ्यांसाठी एवढंच: राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराचं छत भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून ०.९ ते १.२ मीटर वर असावं लागतं, म्हणजे तिथली चौकटच वेगळी आहे, वरचं गणित तसंच उचलू नका.

तुमच्या शेऱ्याला उत्तर म्हणून सुधारित ग्रेडिंग प्लॅन, चारही एलिव्हेशनवर तयार जमिनीची रेघ, ६ फुटांची तुटक रेघ आणि तुकड्यांचा तक्ता एकाच शीटवर द्या. मुख्य फ्लोअर आणि ग्रेड प्लेन यांच्या दोन पातळ्या मोठ्या अक्षरांत लिहा. रिव्ह्यूअर आधी त्याच शोधतो.